चिरुटाची काडी आणि सीडरचे लाकूड

१. हाव्हाना येथील चिरुटांची पेटी उघडली असता चिरुटांच्या दोन थरांमध्ये कागदाहून थोडा जाड, तांबूस रंगाचा व मंद सुवासाचा असा लाकडाचा एक पापुद्रा आढळतो. शोकी लोक हा पापुद्रा टाकून देत नाहीत. त्याच्या उभ्या पट्ट्या करून, त्यांतील एक आगकाडीने पेटवून, तिच्या ज्योतीवर चिरूट शिलगावण्याचा त्यांच्यात प्रघात आहे. या पट्टीस इंग्रजीत ‘सीडर स्पिल’ म्हणतात. आपण तिला सीडरची काडी म्हणू.

विषय क्षुल्लक आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या काडीसंबंधाने ज्या तीन समजुती रूढ आहेत, त्या तपासून पाहाता नामनिश्चय, कालनिश्चय व पोथ्यांचे रक्षण या संशोधकांच्या नित्याच्या तीनही प्रश्नांना त्या स्पर्श करितात असे दिसून येते. पहिली समजूत अशी की, हे लाकूड म्हणजे लेबानॉन पर्वतावरील प्रसिद्ध सीडर, अर्थात आपल्या देवदाराचे सगोत्र होय. दुसरी अशी की, ही काडी कोलंबसाने क्यूबा बेटात पाहिलेल्या मूळच्या लोकांपासून चालत आली. तिसरी अशी की, सीडरला कीड लागत नाही, म्हणून त्याच्या पेटीत ठेविलेली वस्तूही निर्धास्त राहते. आमच्या मते यांपैकी पहिली सर्वस्वी चुकीची, दुसरी निराधार व तिसरी धोक्याची आहे. त्यांचा क्रमाने विचार करू.

२. प्रथम लाकूड. चिरुटाच्या पेट्या ज्या झाडाच्या लाकडाच्या करितात, त्याचे शास्त्रीय नाव सेद्रेला ओदोराता. सेद्रेला ही जाती पॅट्रिक ब्राउन याने जमेका बेटाच्या आपल्या वर्णनग्रंथात इ. स. १७५६ मध्ये नमूद केली व लिनियसने इ. स. १७५९ मध्ये सदर वृक्षास हल्लीचे नाव दिले. सेद्रेला या शब्दाचा अर्थच मुळी ‘लहान सीडर’ असा असून, लाकडाच्या वासातील साम्यापलीकडे त्या नावास दुसरा आधार नाही. हा वृक्ष रुंद पानांचा, पानझडीचा व मेलिएसी कुळातला आहे. आपला कडुनिंब याच कुळातला, आणि महोगनीही याच कुळातली. म्हणजे नावाने सीडर म्हणविणारे हे झाड नात्याने कडुनिंबाचे भाऊबंद ठरते. उलटपक्षी लेबानॉनचा सीडर व हिमालयातील देवदार हे दोन्ही सेद्रुस जातीचे, सूचिपर्णी व पाइनच्या कुळातले आहेत. या दोन गटांत वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

मग हे नाव पडले कसे? ग्रीक भाषेतील ‘केद्रोस’ हा शब्द आरंभापासूनच सैल होता. सीडर व जुनिपर या दोन्ही प्रकारच्या सुवासिक झाडांना तो लावीत. लॅटिनातून तो स्पॅनिश भाषेत ‘सेद्रो’ झाला. स्पॅनिश लोक वेस्ट इंडीज बेटांत उतरले, तेव्हा तेथील एका हलक्या, तांबूस व सुगंधी लाकडास त्यांनी ओळखीचेच नाव दिले. हाव्हानाच्या गोदीत जहाजबांधणीकरिता महोगनीबरोबर हे लाकूडही वापरीत असत. पुढे इंग्रजांनी त्यास ‘स्पॅनिश सीडर’ म्हटले. वस्तुतः ते झाड स्पेनचेही नव्हे आणि सीडरही नव्हे. उत्तर अमेरिकेतही असाच प्रकार घडला. शिसपेन्सिलीकरिता जे ‘तांबडे सीडर’ प्रसिद्ध आहे, तो खरोखर जुनिपर होय.

आपल्याकडे हा घोटाळा नवा नाही. मराठीत ‘देवदारी खोके’ हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु परदेशी माल ज्या खोक्यांतून येत असे, त्यांच्या फळ्या बहुधा पाइन वा तत्सम हलक्या लाकडाच्या असत. हिमालयातील देवदाराशी त्यांचा संबंध नावापुरताच. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकर्त्यांनी मात्र येथे सावधगिरी दाखविली. लेबानॉनच्या सीडरकरिता त्यांनी ‘देवदार’ न योजता ‘गंधसरू’ हा निराळाच शब्द पसंत केला. एखाद्या कागदात ‘सीडर’ हा शब्द आला की त्याचे भाषांतर ‘देवदार’ असे करून मोकळे होणे सोपे खरे, पण त्यामुळे वस्तूचा देश, जाती व व्यापारमार्ग ही तिन्ही बदलतात.

३. हे लाकूड काडीकरिता का निवडले गेले, याचे उत्तर त्याच्या जातीतच आहे. देवदारादी सूचिपर्णी लाकडांत तेलकट राळ असते. ती जळताना काजळी धरते आणि तिचा उग्र वास तंबाखूत उतरतो. सेद्रेलाचे लाकूड हलके, सच्छिद्र व सरळ धाग्याचे असते. त्याचा पातळ पापुद्रा सहज निघतो, धाग्याच्या दिशेने सरळ फाटतो आणि स्वच्छ ज्योतीने जळतो. त्याचा वास चिरुटास परका वाटत नाही, कारण तोच वास पेटीत राहून पानात आधीच मुरलेला असतो.

शिवाय चिरूट ही विडी नव्हे. तिचे तोंड रुंद असते व पाने एकावर एक घट्ट वळलेली असतात. सर्व तोंड सारखे पेटावे म्हणून ज्योत थोडी दूर धरून चिरूट हळूहळू फिरवावा लागतो. इतका वेळ साधी आगकाडी टिकत नाही. दोन-तीन काड्या लागल्या तर प्रत्येक काडीच्या गुलाचा वास प्रथमच्या धुरात मिसळतो. सीडरची पट्टी पेटवावयास आगकाडी लागतेच, परंतु तो वास पट्टीपाशीच थांबतो आणि चिरुटास केवळ लाकडाची ज्योत मिळते. मेणबत्तीवर थेट चिरूट पेटविण्यात मेणाचा वास येतो, म्हणून तेथेही मध्यस्थ पट्टीच घेतात.

४. आता दुसऱ्या समजुतीकडे वळू. येथे मूळ कागदच पाहिला पाहिजे. इ. स. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात दोन माणसे पाठविली. रोद्रिगो दे खेरेस व लुइस दे तोर्रेस ही त्यांची नावे. ती परत आल्यावर त्यांनी जे सांगितले, ते ६ नोव्हेंबरच्या नोंदीत आहे. वाटेत पुष्कळ स्त्रीपुरुष आपापल्या गावी जाताना भेटले व त्यांच्या हाती जळते कोलीत आणि धुरी घेण्याच्या वनस्पती होत्या, असा त्या नोंदीचा आशय आहे.

ही नोंद आज आपल्यापुढे कशा रूपाने आहे, हे पोथीसंग्राहकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. कोलंबसाची मूळ रोजनिशी नष्ट झाली. तिची नक्कलही नष्ट झाली. जे उरले, ते बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाने स्वहस्ते केलेले सारांशरूप टिपण होय. मार्तीन फेर्नांदेस दे नाव्हार्रेते याने ते उजेडात आणून इ. स. १८२५ मध्ये छापले. हल्ली ती पोथी माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. याच लास कासासने पुढे आपल्या ‘इंडीजचा इतिहास’ या ग्रंथात हाच प्रसंग विस्ताराने लिहिला. हा ग्रंथ इ. स. १८७५ पर्यंत छापला गेला नव्हता.

दोन्ही ठिकाणी ‘तिसोन’, म्हणजे कोलीत, हा शब्द आहे. टिपणात कोलीत व वनस्पती हे शब्द उभयान्वयी अव्ययावाचून एकापुढे एक आले आहेत. त्यामुळे कोलीत म्हणजेच पेटलेला चिरूट, असा अर्थ काहींनी केला. परंतु इतिहासग्रंथात लास कासासने दोहोंमध्ये ‘आणि’ घातला आहे आणि वनस्पतींचे स्वतंत्र वर्णनही दिले आहे. वाळलेली पाने दुसऱ्या वाळलेल्या पानात गुंडाळून, मुले पेंटेकॉस्टच्या सणात कागदाच्या बंदुका करितात तशी नळी करीत, एक टोक पेटवून दुसऱ्याने धूर ओढीत आणि या नळ्यांस ‘तबाको’ म्हणत, असे तो सांगतो. तो स्वतः त्या बेटांत राहिलेला असल्याने त्याचा हा खुलासा अधिक प्रमाण मानावा लागतो. म्हणून कोलीत हे पेटविण्याचे साधन व नळी ही पेटविण्याची वस्तू, असा भेद आम्ही मान्य करितो.

याचा अर्थ इतकाच की, लाकडाच्या ज्योतीवर वा निखाऱ्यावर चिरूट पेटविणे हे चिरुटाच्या पहिल्या लिखित नोंदीइतके जुने आहे. पण ते लाकूड कोणते, हे दोन्हीपैकी एकाही ठिकाणी सांगितलेले नाही. ज्या लोकांपाशी चकमक वा आगकाडी नव्हती, त्यांनी प्रवासात विस्तव जतन करण्याकरिता जळते लाकूड हाती धरावे, यात नवल नाही. आपल्याकडेही रात्रीच्या वाटेस चूड पेटवून नेत. त्यात सुवासाकरिता लाकूड निवडल्याची कल्पना पाहाणे म्हणजे मागाहूनचा शोक पूर्वीच्या गरजेवर लादणे होय. कोलीत जुने म्हणून सीडर जुने, असे अनुमान या लेखांवरून काढता येत नाही.

५. सीडरच्या काडीचा काळ ठरवावयाचा तर पेटीचा काळ पाहिला पाहिजे, कारण काडी पेटीतूनच निघते. क्यूबातील तंबाखूवरील सरकारी मक्ता इ. स. १८१७ मध्ये उठला. त्यानंतर हाव्हानात खाजगी कारखाने झपाट्याने वाढले. पार्तागास कारखाना इ. स. १८४५ चा व हेर्मान उपमान या जर्मन सावकाराच्या नावाची छाप इ. स. १८४४ ची. सीडरच्या लहान पेट्यांतून चिरूट पाठविण्याची कल्पना या उपमाननेच काढली, अशी व्यापाऱ्यांत परंपरा आहे. ही परंपरा कारखान्याच्या कीर्तीस पोषक असल्याने तिच्यावर सर्व भार टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. तथापि लहान पेटीचा प्रसार एकोणिसाव्या शतकातला, याविषयी शंका नाही. त्यापूर्वी चिरूट जुड्या बांधून वा मोठ्या पेटाऱ्यांतून जात.

या प्रसारास करवसुलीचेही साहाय्य झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यादवी युद्धाच्या वेळी तंबाखूवर कर बसला आणि युद्धानंतर लवकरच चिरूट ठराविक संख्येच्या, पूर्वी त्या कामी न वापरलेल्या पेट्यांतच भरावे असा निर्बंध झाला. २५, ५० व १०० हे आकडे तेव्हापासून कायद्यातच आले. एकदा रिकामी झालेली पेटी व्यापाऱ्यास निरुपयोगी झाल्यामुळे ती घरोघर साठू लागली. कोणी तीत दोरे-सुया ठेवीत, कोणी पत्रे व पावत्या, कोणी तिची खेळणी करी. ज्या घरात सुवासिक लाकडाच्या फळकुट्या व पापुद्रे फुकट पडून आहेत, तेथे त्यांचा उपयोग चिरूट पेटविण्याकडे व्हावा, हे क्रमप्राप्तच होते.

याच शतकात आगकाड्याही आल्या. जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्याने घासून पेटणारी काडी इ. स. १८२७ मध्ये विकावयास आणली. तिच्या मागोमाग पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. या आरंभीच्या काड्यांचा गंधकी दर्प प्रसिद्ध आहे. कारखान्यांतील मजुरांना जबड्याचा भयंकर रोग जडत असल्याने पांढरा फॉस्फरस पुढे इ. स. १९०६ च्या बर्न येथील कराराने निषिद्ध ठरला. हिंदुस्थानात तशा काड्यांच्या बंदीचा कायदा इ. स. १९१३ मध्ये झाला. स्वस्त पण दुर्गंधी काडी आणि सुगंधी पण आयती न पेटणारी पट्टी या दोन वस्तू एकाच काळी एकाच मेजावर आल्या. सीडरच्या काडीचा प्रघात या संगमातून निघाला असावा, असा आमचा तर्क आहे. प्रत्यक्ष पुरावा मिळणे कठीण, कारण या चालीचे साधन प्रत्येक वापरात जळून जाते. चकमक उरते, रौप्याची काडेपेटी उरते, पण पट्टी उरत नाही. पुढे काही कारखान्यांनी चिरुटालाच सीडरचा पापुद्रा गुंडाळून विकण्यास आरंभ केला. ‘रोमेओ इ हुलिएता’ या छापाचे ‘सेद्रोस’ नावाचे चिरूट याच प्रकारचे असून त्यांच्या नावातच लाकूड आले आहे.

६. या विषयाचा आपल्या देशाशी संबंध दोन बाजूंनी येतो. पहिला दक्षिणेच्या इतिहासातून. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून इ. स. १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने बादशहास तंबाखू व रत्नजडित नळी नजर केली. त्याच्या लेखाचे उतारे एलियट व डाउसन यांच्या सहाव्या खंडात आहेत. त्यात नळीबरोबर तंबाखू पेटविण्याकरिता सोन्याचे अग्निपात्रही असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पेटविण्याच्या साधनाची प्रतिष्ठा दख्खनमार्गे आलेल्या पहिल्या तंबाखूबरोबरच दरबारात पोहोचली होती. मात्र आपल्याकडे तंबाखू हुक्क्यातून व चिलिमीतून ओढली गेल्याने तीस निखारा पुरे झाला. ज्योतीची गरज चिरुटाबरोबर आली.

चिरूट हा शब्द मात्र आपल्याच बाजूने पाश्चात्यांकडे गेला. तमिळ ‘शुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, यावरून तो निघाल्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात इ. स. १८८६ मध्येच नमूद आहे. त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट विलायतेपर्यंत जात.

दुसरा संबंध लाकडाचा. सह्याद्रीत व हिमालयाच्या पायथ्याशी जो तूण वा कुरक वृक्ष होतो, तो सेद्रेलाचा अत्यंत निकटचा आप्त आहे. शास्त्रज्ञांनी प्रथम त्यास सेद्रेला तूना असेच नाव दिले होते. इ. स. १८४६ मध्ये रोमरने ‘तूना’ ही स्वतंत्र जाती मानली व हल्ली तो तूना सिलियाता या नावाने ओळखला जातो. याचेही लाकूड तांबूस, हलके व सुवासिक. बंगाल व आसामात त्याच्या चहाच्या पेट्या होत आणि चिरुटांच्या पेट्यांसही ते चालत असे. फिलिपाईन बेटांत त्याचाच भाऊ कलांतास हा मनिला चिरुटांच्या पेट्यांकरिता प्रसिद्ध आहे. अमरकोशात तुन्न, कच्छ, कांतलक, नंदिवृक्ष ही याची नावे आहेत आणि देवदारु त्याहून निराळा देऊन त्यास भद्रदारु, पीतदारु, पूतिकाष्ठ असे पर्याय दिले आहेत. आपल्या कोशकारांनी ही दोन झाडे कधी एक केली नाहीत. चिरुटाच्या सीडरला देशी शब्द द्यावयाचाच असेल, तर तो देवदार नव्हे, तूण होय.

७. शेवटी तिसरी समजूत, आणि आमच्या संग्राहक वाचकांच्या दृष्टीने हीच महत्त्वाची. विट्रुव्हियस या रोमन ग्रंथकाराने सीडरचे तेल लाविलेल्या पुस्तकांस कसर व कुज लागत नाही असे लिहिले आहे. त्या वचनाच्या आधारावर पुष्कळ लोक जुनी पत्रे व सुटी पाने चिरुटाच्या पेटीत निश्चिंतपणे ठेवितात. परंतु विट्रुव्हियस तेलाविषयी सांगतो, पेटीविषयी नव्हे. आणि त्याचे सीडर निराळे, आपल्या पेटीचे निराळे, हे वर दाखविलेच आहे.

याहून स्पष्ट साक्ष चिरूट स्वतःच देतो. तंबाखूस लागणारा लासिओदेर्मा नावाचा बारीक भुंगेरा सीडरच्या बंद पेटीतही चिरुटांना भोके पाडतो. व्यापाऱ्यांना त्याच्या नाशाकरिता चिरूट गोठविण्यापर्यंत उपाय करावे लागतात. सीडरच्या वासाने तो मरत असता, तर ही यातायात कशाला पडती? हाच भुंगेरा मसाले खातो आणि पुस्तकांच्या बांधणीतील खळही खातो. म्हणून ज्या पेटीत पूर्वी तंबाखू होती, तीत पोथीची पाने ठेवणे म्हणजे चोराच्या घरी ठेव ठेवण्यासारखे आहे. शिवाय ताज्या लाकडातून आम्लधर्मी वाफ निघते व सेद्रेलाचा डिंकट रस कधी कधी पृष्ठावर येऊन डाग पाडितो. बंद जागेत या दोन्ही गोष्टी कागदास अपायकारक होत.

तेव्हा आमची संग्राहकांस सूचना अशी. चिरुटाच्या पेटीत कागद सापडल्यास ते काढून घेऊन आम्लरहित वेष्टनात ठेवावेत. तत्पूर्वी पेटीवरील छाप, करमुद्रा व संख्येचा आकडा यांची नोंद करावी, कारण त्यांवरून कागद त्या पेटीत केव्हाच्या पूर्वी ठेविले गेले नसावेत हे ठरविता येते. पेटीचे लाकूड यादीत ‘देवदार’ असे लिहू नये. पाहून खात्री होईल तेथे ‘स्पॅनिश सीडर’ वा ‘तूण’, अन्यथा ‘तांबूस सुवासिक लाकूड’ एवढेच लिहावे. आणि आतला सैल पापुद्रा कचरा समजून टाकू नये. सेद्रेलाची इतकी तोड झाली आहे की, इ. स. २०१९ च्या जिनिव्हा येथील परिषदेत अमेरिका खंडातील या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचे ठरले व ते इ. स. २०२० पासून अंमलात आले. जुन्या पेटीतला पापुद्रा शतकापूर्वीच्या अरण्यातील लाकडाचा नमुना आहे, आणि ज्या चालीचा पुरावा जळूनच जातो, तिचा न जळलेला असा तो एकमेव अवशेष आहे. पेटीचा क्रमांक त्याच्या कोपऱ्यावर शिसपेन्सिलीने लिहून तो निराळा जपून ठेवावा.